प्रस्तावना : अज्ञानाचा गुणाकार

आपल्या आकाशगंगेत माणसाखेरीज आणखी किती बुद्धिमान समाज असावेत, या प्रश्नाची छापील उत्तरं गेल्या साठ-पासष्ट वर्षांत शून्यापासून दहा कोटींपर्यंत पसरली आहेत. उत्तरं देणारी माणसं जाणती होती, त्यांचं गणित बिनचूक होतं आणि बहुतेकांनी सूत्रही एकच वापरलं होतं. दुसऱ्या कुठल्या शास्त्रात एवढी तफावत पडली असती तर लोकांनी ते सूत्र केव्हाच अडगळीत टाकलं असतं. हे सूत्र मात्र पाठ्यपुस्तकांत गेलं, भाषणांत गेलं आणि त्याच्या निष्कर्षाची आद्याक्षरं सूत्रकर्त्याच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही झळकली. या पुस्तकाचा विषय ते सूत्र आहे. आणखी नेमकं सांगायचं तर, त्यात आकडे भरताना शहाणी माणसं काय काय करतात, हा विषय आहे.

उडत्या तबकड्या, पिरॅमिड बांधणारे पाहुणे वगैरे मंडळी इथे भेटणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना त्यांचीच ओढ आहे त्यांनी पुस्तक इथेच मिटलं तरी माझी तक्रार नाही.

गोष्ट सुरू होते १९५९च्या सप्टेंबरात. ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. दुसऱ्या ताऱ्याजवळच्या कोणाला आपल्याशी बोलायचं असेल तर ते रेडिओ लहरींवर बोलतील आणि बहुधा १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतील, असा त्यांचा तर्क होता. विश्वात सगळ्यात मुबलक असलेला हायड्रोजन स्वतःच त्या वारंवारतेवर, २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, कुजबुजत असतो. रेडिओ खगोलशास्त्र जाणणाऱ्या कुठल्याही समाजाला ही खूण माहीत असणारच. यश मिळेल का हे सांगता येत नाही, पण शोधलंच नाही तर मिळणार नाही हे नक्की, अशा अर्थाने त्यांनी निबंध संपवला.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक इथे फ्रँक ड्रेक हा तिशीला टेकलेला खगोलशास्त्रज्ञ स्वतंत्रपणे त्याच तयारीत होता. १९६०च्या एप्रिलमध्ये त्याने २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. दोन्ही सूर्यासारखे, दोन्ही दहा-बारा प्रकाशवर्षांवर. ओझच्या अद्भुत देशातल्या राजकन्येवरून त्याने प्रकल्पाला ‘ओझ्मा’ नाव दिलं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या ताऱ्याकडे दुर्बीण वळवताच ठोके ऐकू आले, सेकंदाला आठ! पुढे कळलं की तो बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचा प्रताप होता. दीड-दोनशे तास ऐकून हाती काही लागलं नाही. अशा शोधाचा तो पहिला प्रयोग, आणि यंत्राने पहिल्याच दिवशी माणसालाच पकडून दिलं. हा प्रकार पुढच्या साठ वर्षांत पुनःपुन्हा घडायचा होता.

दीड वर्षाने, नोव्हेंबर १९६१मध्ये, ग्रीन बँकलाच एक छोटी बैठक भरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीतले पीटर पीअरमन यांनी ती जुळवून आणली होती. माणसं जेमतेम दहा-अकरा, पण एकेकाची ओळख करून देण्यासारखी. वेधशाळेचे संचालक ओटो स्ट्रुव्ह हे पिढीजात खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्याभोवतीच्या ‘वसतियोग्य पट्ट्या’ची कल्पना मांडणारे सू-शू ह्वांग. मॉरिसन स्वतः. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीचे बर्नार्ड ऑलिव्हर. सत्ताविशीच्या उंबरठ्यावरचा कार्ल सेगन. प्रकाशसंश्लेषणात कार्बनचा प्रवास उलगडणारे मेल्विन कॅल्विन, ज्यांना बैठक चालू असतानाच रसायनशास्त्राचं नोबेल मिळाल्याची बातमी आली. आणि डॉल्फिनशी संवाद साधू पाहणारे जॉन लिली. डॉल्फिनच्या गोष्टींनी मंडळी इतकी भारावली की पुढे त्यांनी स्वतःला ‘डॉल्फिनचा पंथ’ असं गमतीचं नाव घेतलं.

या बैठकीत बोलायचं काय, याची यादी ड्रेकने आधी करून ठेवली होती. वर्षाला आकाशगंगेत किती नवे तारे जन्मतात? त्यांतल्या कितींना ग्रह असतात? एकेका ग्रहमालेत जीवनाला पोषक असे ग्रह किती? अशा ग्रहांपैकी कितींवर जीव खरोखर उपजतो? उपजला तर कितींदा त्यातून बुद्धी निर्माण होते? बुद्धी असलेल्या किती ठिकाणी दूरवर संदेश धाडणारं तंत्र घडतं? आणि असं तंत्र असलेला समाज किती वर्षं टिकतो? ड्रेकच्या लक्षात आलं की हे सात प्रश्न एकमेकांना गुणले तर आज आकाशगंगेत ऐकू येण्याजोगे समाज किती, हा आकडा मिळतो. ‘ड्रेकचं समीकरण’ म्हणून जगभर पोचलेली चीज ती हीच. मुळात ती एका सभेची कार्यक्रमपत्रिका होती. हे विसरल्यामुळे पुढचा बराच घोळ झाला, असं माझं मत आहे. कार्यक्रमपत्रिकेतून उत्तर काढायचं नसतं. बोलणी कुठल्या क्रमाने व्हायची, एवढंच ती सांगते.

पण मंडळींनी उत्तर काढलं. तारे वर्षाला सुमारे एक. ग्रह असलेले तारे पाचात एक ते दोनात एक. पोषक ग्रह दरमाला एक ते पाच. जीव उपजण्याची शक्यता? पुरती, म्हणजे एक. बुद्धीची? तीही एक, इथे डॉल्फिनने मतदान केलं असं म्हणायला हरकत नाही, कारण पृथ्वीवर बुद्धी दोनदा अवतरली असेल तर ती दुर्मीळ कशी म्हणायची? तंत्रज्ञानाची शक्यता दहात एक ते पाचात एक. सगळं गुणल्यावर आधीची पदं एकमेकांना खाऊन जवळजवळ एकच्या घरात येत होती. म्हणजे आकाशगंगेतल्या समाजांची संख्या आणि एका समाजाचं वर्षांतलं आयुर्मान, हे दोन आकडे सारखेच! ड्रेकच्या नंबरप्लेटवर होतं ते हेच. आयुर्मान हजार वर्षं धरा किंवा दहा कोटी, समाजही तितकेच. ड्रेक स्वतः दहा हजाराच्या आसपास राहिले आणि २०२२च्या सप्टेंबरात निधन होईपर्यंत आशावादी राहिले.

साठ वर्षांत या सात पदांचं काय झालं ते पाहू. पहिली तीन पदं खगोलशास्त्राची, आणि तिथे खगोलशास्त्राने नाव राखलं. ताऱ्यांच्या जन्मदराचा अंदाज फारसा चुकला नव्हता. आज आपली आकाशगंगा दरवर्षी साधारण एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके नवे तारे घडवते असं दिसतं. ग्रहांच्या बाबतीत तर कमालच झाली.

इथे स्ट्रुव्ह यांच्यासाठी थोडं थांबायला हवं. १९५२ साली त्यांनी दोन पानांचं एक टिपण लिहिलं होतं. गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून, सुमारे एका दिवसात एक फेरी मारत असेल तर ताऱ्याचं मागेपुढे डुलणं वर्णपटात मोजता येईल, आणि असा ग्रह नसायला काही कारणही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या ग्रहमालेत गुरूला एका फेरीला बारा वर्षं लागतात, त्यामुळे कोणी फार मनावर घेतलं नाही. १९९५ साली मिशेल मेयॉर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती चार दिवसांत फेरी मारणारा ग्रह शोधला, तो याच रीतीने. स्ट्रुव्ह जाऊन तेव्हा तीन दशकं उलटली होती. मेयॉर आणि केलो यांना २०१९चं नोबेल मिळालं. ग्रीन बँकच्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी ज्याने खरोखर शोधता येण्याजोगी गोष्ट सांगितली होती, त्याचं नाव आज या चर्चेत क्वचित निघतं.

नंतर २००९ साली केप्लर दुर्बीण अंतराळात गेली. ग्रह ताऱ्यापुढून जाताना प्रकाशात पडणारी बारीकशी घट टिपत तिने २०१८पर्यंत अडीच हजारांहून अधिक ग्रह हाती दिले. त्या माहितीवरून २०२०मध्ये झालेल्या एका विश्लेषणाप्रमाणे, सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास ताऱ्यांपाशी वसतियोग्य पट्ट्यात खडकाळ ग्रह असावा. अगदी हात राखून मोजलं तरी आकाशगंगेत असे ३० कोटी ग्रह निघतात. वसतियोग्य म्हणजे पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, इतकंच. वातावरण आहे की उडून गेलं, हे त्यात धरलेलं नाही. तरीही ग्रीन बँकच्या मंडळींनी अंदाजपंचे लिहिलेले आकडे मोजमापांपुढे टिकले, हे मान्य करायला हवं.

आणि इथेच वाचकाची फसगत होते. सातांपैकी तीन पदं पक्की झाली म्हणजे उत्तर जवळजवळ निम्मं सुटलं, असं वाटू लागतं. वर्तमानपत्रांत नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की तिच्या शेपटीला ‘त्यामुळे परग्रहावर जीवसृष्टी असण्याची शक्यता वाढली’ हे वाक्य हटकून असतं. वाढली ती जागांची संख्या. एकेका जागेवर जीव उपजण्याची शक्यता किती, या प्रश्नाला त्या बातमीने स्पर्शही केलेला नसतो. ती शक्यता दहात एक असेल तर ३० कोटी जागा म्हणजे गजबजाट. ती एकावर वीस शून्यांत एक असेल तर ३० कोटी जागा म्हणजे काहीच नाही. या दोन टोकांमधलं कुठलं खरं, हे ठरवायला आपल्यापाशी आहे एक पृथ्वी.

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे खरं. पण ती जमते, कारण शीत परीक्षकाने मधून कुठूनतरी उचललेलं असतं आणि भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. इथे परीक्षा करणारं शीतच आहे. न शिजलेल्या शिताला हा प्रश्न पडूच शकत नाही. जीव उपजणं अब्जांत एकदा होणारी गोष्ट असो की हमखास होणारी, विचारणारा नेहमी ती झालेल्या ग्रहावरच बसलेला सापडणार. म्हणून ‘आपण आहोत’ यावरून शक्यतेबद्दल फार थोडं कळतं.

थोडं कळतं ते काळाच्या हिशेबातून. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षांची. साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाच्या खुणा आहेत. काहींच्या मते त्याही आधीच्या. म्हणजे ग्रह थंडावल्यावर जीव फार वाट न पाहता आला. आशावादी इथे थांबतात. पण पुढे केंद्रक असलेली पेशी यायला दीडएक अब्ज वर्षं गेली आणि ती घटना पृथ्वीच्या इतिहासात एकदाच यशस्वी झालेली दिसते. प्राणी अवतरले साठेक कोटी वर्षांपूर्वी. आपली जात तीन लाख वर्षांची. आणि सूर्य हळूहळू तापतो आहे. आणखी अब्जभर वर्षांनी पृथ्वीवर पाणी टिकणं अवघड होईल. म्हणजे मिळालेल्या मुदतीचा बहुतेक भाग संपत आल्यावर बुद्धीने हजेरी लावली. १९८३ साली ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाने यावर नेमकं बोट ठेवलं. बुद्धी निर्माण व्हायला सरासरी लागणारा काळ ताऱ्याच्या आयुष्यापेक्षा फार मोठा असेल, तर जिथे ती नशिबाने झाली तिथे मुदत संपता संपताच झालेली दिसणार. आपल्याकडे अगदी तसंच दिसतं. ही सिद्धता नव्हे, पण मला स्वतःला हा युक्तिवाद डॉल्फिनपेक्षा वजनदार वाटतो.

बुद्धीच्या पदावर १९९५ साली सेगन आणि उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांच्यात झालेला वाद वाचण्यासारखा आहे. मायर यांचा मुद्दा सरळ होता: पृथ्वीवर अब्जावधी जाती होऊन गेल्या आणि रेडिओ दुर्बीण बांधणारी एकच निघाली. डोळे उत्क्रांतीत पुनःपुन्हा स्वतंत्रपणे घडले, पंख घडले. ही गोष्ट एकदाच. शिवाय जी घडली तीही किती वळणं घेऊन! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत अशनी आदळला नसता तर सस्तन प्राण्यांना मैदान मिळालं असतं का? त्याच सुमारास सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट ओतणारे लाव्ह्याचे पूर चालू होते आणि डायनासोरांच्या विनाशात त्यांचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. सिंहगड चढताना पायाखाली येणारा दगड या समीकरणाच्या पाचव्या पदाचा साक्षीदार आहे, हे लक्षात ठेवायला हरकत नाही. सेगन यांचं उत्तर ग्रहांच्या प्रचंड संख्येचं होतं. खगोलशास्त्रज्ञ बहुधा आशावादी आणि जीवशास्त्रज्ञ बहुधा निराशावादी, हा भेद तेव्हापासून कायम आहे. दोघेही आपापल्या शास्त्रातल्या विपुलतेला किंवा अपघातांना सरावलेले असतात.

आता गुणाकाराकडे. अनिश्चित आकडे गुणताना आपण प्रत्येकाची ‘वाजवी’ किंमत घेतो आणि गुणतो. यात एक सापळा आहे आणि तो २०१८ साली ऑक्सफर्डमधल्या अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड यांनी एका साध्या उदाहरणाने उघडा केला. समजा नऊ अडथळे आहेत आणि प्रत्येक पार होण्याची शक्यता दहात एक. आकाशगंगेत तारे १०० अब्ज. गुणाकार करा: १०० समाज. आपण एकटे असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आता खरं बोला. प्रत्येक शक्यता दहात एक आहे हे आपल्याला माहीत नाही. ती शून्य ते पाचात एक यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, एवढंच माहीत आहे. सरासरी तीच राहिली, म्हणून सरासरी उत्तरही १००च येतं. पण अशा हजारो आकाशगंगा कागदावर उभ्या करून मोजल्या तर निम्म्यांत नऊहून कमी समाज निघतात, आणि पाचातली एक साफ रिकामी असते. मग सरासरी १०० कशी? थोड्या आकाशगंगांत हजारो समाज निघतात आणि ते सगळ्यांची सरासरी वर ओढतात. लॉटरीच्या तिकिटाचं सरासरी मोल पाच रुपये असलं तरी बहुतेकांच्या हाती शून्यच येतं.

आणि हे फक्त शून्य ते पाचात एक एवढ्या अरुंद पट्ट्यावर. जीव उपजण्याच्या पदावरचं आपलं खरं अज्ञान कितीतरी मोठं आहे. तिथे दहाच्या कित्येक घातांचा फरक आहे. या तिघांनी ते सगळं अज्ञान प्रामाणिकपणे भरलं तेव्हा आकाशगंगेत आपण एकटेच असण्याची शक्यता, गृहीतकांप्रमाणे, शेकडा ५३पासून ९९.६पर्यंत निघाली. यावरून आपण एकटेच आहोत असं ठरत नाही. ठरतं ते इतकंच की आकाश रिकामं दिसलं तर डोकं खाजवण्याचं कारण नाही. आजच्या माहितीवरून तेही अपेक्षितच होतं.

उलट बाजूने प्रश्न विचारता येतो का? ॲडम फ्रँक आणि वुड्रफ सलिव्हन यांनी २०१६ साली तो विचारला. आज कोणी आहे का हे सोडून द्या, आजवर कधीतरी कोणी होतं का? मग आयुर्मानाचं पद गळून पडतं. उरतं ते असं: वसतियोग्य ग्रहावर तंत्रज्ञ समाज घडण्याची शक्यता ६० अब्जांत एकापेक्षा जास्त असेल तर आपल्या आकाशगंगेच्या इतिहासात आपण पहिले नाही. मला ही मांडणी आवडते, कारण ती उत्तर देण्याचा आव आणत नाही. नेमका किती निराशावाद लागेल ते मोजून दाखवते. पण ६० अब्ज हा आकडा ऐकायला मोठा वाटतो म्हणून शक्यता त्याहून मोठीच असणार, असा सूर काही लेखांत निघतो तो मात्र बिनबुडाचा. रेणूंच्या जुळणीच्या जगात ६० अब्ज ही किरकोळ संख्या आहे.

फर्मीचा प्रश्न या पुस्तकात यायलाच हवा. १९५०च्या उन्हाळ्यात लॉस अलामोसला एडवर्ड टेलर, हर्बर्ट यॉर्क आणि एमिल कोनोपिन्स्की यांच्याबरोबर जेवताना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी एकदम विचारलं, सगळे आहेत तरी कुठे? नेमके शब्द काय होते आणि त्यांना म्हणायचं काय होतं, याविषयी जेवणाला हजर असलेल्यांच्या आठवणी पुढे जुळल्या नाहीत. या प्रश्नाला धार आली १९७५मध्ये. प्रकाशाच्या वेगाच्या शंभराव्या हिश्श्याने गेलं तरी आकाशगंगा एक कोटी वर्षांत ओलांडता येते, आणि आकाशगंगेचं वय अब्जांत आहे. कोणी असते तर एव्हाना इथे पोचले असते. पोचले नाहीत, अर्थात नाहीतच, असं मायकेल हार्ट यांनी मांडलं. हा युक्तिवाद मला नेहमीच थोडा घाईचा वाटत आला आहे. त्यात प्रत्येक समाजाला पसरण्याची हौस असते हे गृहीत आहे, आणि ती हौस साम्राज्यं पाहिलेल्या माणसाला सहज सुचणारी आहे.

आयुर्मानाच्या पदाबद्दल इथे एक छोटा हिशेब मांडतो, कारण तो कागद-पेन्सिलीने कोणालाही करता येतो. ड्रेक यांचा आशावाद खरा मानू: समाज जितकी वर्षं जगतात तितकेच समाज आकाशगंगेत आहेत. आकाशगंगेची चकती एक लाख प्रकाशवर्षं रुंद. समाज हजार वर्षं टिकत असतील तर आज हजार समाज असतील आणि शेजाऱ्यांमधलं अंतर साधारण २८०० प्रकाशवर्षं पडेल. म्हणजे ‘कसं काय’ हे पोचेपर्यंत विचारणारा संपलेला आणि ऐकणाराही. आयुर्मान वाढलं की समाजही वाढतात आणि अंतर घटतं; ते धरून, एका प्रश्नाला एक उत्तर मिळायचं तर दोन्ही बाजू तीनएक हजार वर्षं तरी टिकायला हव्यात. आपला रेडिओ अजून सव्वाशे वर्षांचा आहे. १९७४च्या नोव्हेंबरात अरेसिबोच्या दुर्बिणीतून १६७९ अंकांचा एक संदेश एम-१३ या तारकागुच्छाकडे धाडला गेला. त्याला पोचायला सुमारे २५ हजार वर्षं लागतील. धाडणारी दुर्बीण २०२०च्या डिसेंबरात कोसळली.

शोधाच्या इतिहासावर इथे फार रेंगाळत नाही. अमेरिकेच्या काँग्रेसने नासाचा पैसा १९९३ साली बंद केला आणि तेव्हापासून हे काम मुख्यतः खासगी देणग्यांवर चालतं. लक्षात ठेवायची गोष्ट एक: आजवरच्या प्रत्येक ‘सापडलं’ची परिणती आपल्याच आवाजात किंवा निसर्गाच्या नव्या चमत्कारात झाली आहे, नाहीतर १९७७च्या ओहायोतल्या ‘वाव’ संकेतासारखी अनुत्तरित राहिली आहे. १९६७मध्ये जॉसेलिन बेल यांना मिळालेले नियमित ठोके गमतीने ‘छोटे हिरवे लोक’ म्हणून नोंदले गेले. ते स्पंदक तारे निघाले. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीला प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक संकेत मिळाला, त्याचा खूप गाजावाजा झाला; २०२१मध्ये तो माणसाच्याच उपकरणांचा गोंधळ ठरला.

अशा यंत्रांची संवेदनक्षमता काय असते हे समजायला आपल्याला परदेशी जावं लागत नाही. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांचा पसारा आहे, गोविंद स्वरूप यांनी उभा केलेला. २०१६च्या ऑक्टोबरात युरोपचं शियापारेली हे छोटं यान मंगळावर उतरत असताना त्याच्या अवघ्या काही वॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज जुन्नर तालुक्यात ऐकला गेला. उतरण्याच्या अगदी आधी तो थांबला. यान कोसळलं होतं. घरातल्या दिव्याएवढी शक्ती कोट्यवधी किलोमीटरवरून टिपता येते. ताऱ्यांच्या अंतरावर मात्र तोच आवाज कुठल्याकुठे विरून जातो. आजवर काही ऐकू आलं नाही याचा अर्थ, आपल्याकडे रोखून जोरात ओरडणारं कोणी फार जवळ नाही, एवढाच निघतो.

जीव उपजण्याच्या पदाला हात घालायचा तर दूरच्या ताऱ्यांपेक्षा जवळचे शेजारी उपयोगाचे. मंगळाच्या मातीत, युरोपा किंवा एन्सेलॅडस या उपग्रहांच्या बर्फाखाली पृथ्वीशी नातं नसलेला एक जीवाणू सापडला तरी एकाच ग्रहमालेत जीव दोनदा उपजला असं होईल आणि चौथ्या पदातली ती वीस शून्यं एका दुपारी पुसली जातील. ‘नातं नसलेला’ ही अट महत्त्वाची. जीवाणू अंतराळातून येतात का, या प्रश्नात जयंत नारळीकरांना कोवळा रस नव्हता, चांगला मुरलेला होता. ते तपासायला त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून इस्रोचे फुगे सोडले गेले. २००५च्या उड्डाणात ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आले, हैदराबाद आणि पुण्यातल्या प्रयोगशाळांनी ते तपासले, आणि २००९मध्ये तीन नव्या जीवाणू-जाती जाहीर झाल्या. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव मिळालं. ते बाहेरून आले असं त्यातून सिद्ध झालं नाही आणि तसा दावाही इस्रोने केला नाही. पण तो धागा खरा असेल तर मंगळावरचा जीवाणू आपला चुलतभाऊ निघू शकतो, आणि मग तो दुसरा दाखला म्हणून मोजता येणार नाही.

निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००८मध्ये लिहिलं की मंगळावर काहीच न सापडो अशी आपली इच्छा आहे. जीव सहज उपजत असेल आणि तरीही आकाश शांत असेल, तर मोठा अडथळा पुढे, म्हणजे समाजांच्या आयुर्मानात असणार. तर्क चोख आहे. तरीही मी त्यांच्या बाजूने नाही. अडथळा कुठे आहे हे कळणं, तो आपल्या मागे असल्याची आशा बाळगण्यापेक्षा मला बरं वाटतं. माझा स्वतःचा कल विचाराल तर जीवाणू बऱ्याच ठिकाणी, आणि बोलणारं कोणी बहुधा नाही, असा आहे. हा कल आहे, अंदाज नाही, आणि पुढच्या कुठल्याही प्रकरणात तो आकडा म्हणून वापरलेला नाही.

प्रकरणांचा क्रम ग्रीन बँकच्या यादीप्रमाणेच ठेवला आहे, प्रत्येक पदाला एक. ग्रहांच्या प्रकरणातले आकडे छपाई होईपर्यंत जुने झालेले असतील. तिथे दर महिन्याला भर पडते. युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ला निघालं आहे आणि २०३०मध्ये गुरूपाशी पोचेल, पण तेही बर्फाखालचा समुद्र जीवनाला पोषक आहे का, एवढंच पाहणार आहे. म्हणजे पुन्हा तिसरं पदच. चौथं प्रकरण पुस्तकातलं सगळ्यात लांब आहे आणि त्यात आकडे सगळ्यात कमी आहेत.